आपलं फुलसावंगी पृथ्वीवर नेमकं कुठं, अन् त्यानं पेरणीला काय फरक पडतो?



मे संपत आला की आपल्या गटांच्या बैठकीत एकच विषय निघतो : बियाण्याचं कर्ज. कुणाला सोयाबीनच्या किती बॅगा, कुणाला सरकी, खत आत्ताच उचलायचं की थांबायचं. मग जूनमध्ये एखादी सर येते, सगळं गाव तिफण बाहेर काढतं आणि पुढचे दहा-बारा दिवस आभाळ कोरडं जातं. दुबार पेरणी. कर्ज एका पेरणीचं घेतलेलं असतं, फेडायची वेळ दोन पेरण्यांची येते. ही गोष्ट फुलसावंगीत कुणाला नव्यानं सांगायची गरज नाही.

या अंकातला अभ्यासपाठ भूगोलाचा आहे. नाव काढलं की शाळेतला तो फिरता गोल आठवतो, राजधान्या आणि पाठ केलेल्या नद्या आठवतात. ते बाजूला ठेवा. आपला भूगोल अंगणातल्या सावलीपासून सुरू होतो आणि गटाच्या कर्जाच्या रजिस्टरपर्यंत येतो. बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी मधेमधे थांबवून बोलावं, असा हा पाठ आहे.

मडक्यावरची रेघ

एक गोल मडकं घ्या. त्याच्या पोटावर बरोबर मधून खडूनं आडवी रेघ ओढा. हे झालं विषुववृत्त. त्याच्या वर आणि खाली, साडेतेवीस अंशांवर, आणखी एकेक रेघ. वरची कर्कवृत्त, खालची मकरवृत्त. या दोन रेघांच्या मधला जो पट्टा आहे तो उष्ण कटिबंध. या पट्ट्यातल्या प्रत्येक गावावर वर्षातून कधी ना कधी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पट्ट्याबाहेर तो कधीच येत नाही. दिल्लीतसुद्धा नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे.

कर्कवृत्त आपल्या देशाच्या पोटातून जातं. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मिझोराम या आठ राज्यांतून. मध्य प्रदेशात ते भोपाळच्या जरा वरून जातं. म्हणजे सगळा महाराष्ट्र, नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत, उष्ण कटिबंधात आला. आपलं फुलसावंगी १९ आणि २० अंशांच्या मधे आहे. एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. हिशेब केला तर कर्कवृत्त आपल्यापासून उत्तरेला सुमारे चारशे किलोमीटर आणि विषुववृत्त दक्षिणेला सुमारे बावीसशे किलोमीटर.

आता हे खरं की खोटं, ते तपासून बघता येतं. अंगणात सपाट जागी एक मुसळ किंवा पाण्याचा सरळ पाईप उभा करा. ओळंबा लावा, म्हणजे तो तिरपा नाही ना ते कळेल. मे महिन्याच्या १८ ते २१ तारखांच्या दरम्यान दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला त्याची सावली बुडाशीच गोळा झालेली दिसेल, इकडं ना तिकडं. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. तो वर्षातून दोनदा येतो. दुसऱ्यांदा जुलैच्या २३ ते २६ तारखांमध्ये, दुपारी साडेबाराच्या थोडं आधी, आभाळ उघडं असलं तर. बारा वाजता का नाही? कारण घड्याळ सगळ्या देशाला एकच आहे आणि ते उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेघेवर लावलेलं आहे. आपण त्या रेघेच्या पश्चिमेला, म्हणून आपल्याकडं सूर्य जरा उशिरा माथ्यावर येतो.

या दोन तारखांच्या मधले जे दोन महिने आहेत, त्यात दुपारची सावली दक्षिणेकडं पडते. एरवी वर्षभर ती उत्तरेकडं असते. घराच्या उत्तरेच्या भिंतीवर मे-जूनमध्ये दुपारचं ऊन का येतं, याचं उत्तर हे. ज्या गटांचा पापड-कुरडया-वड्यांचा व्यवसाय आहे त्यांना वाळवणाची जागा ठरवताना हे कामाचं आहे. मार्चमध्ये जिथं दिवसभर ऊन मिळतं तिथंच मेमध्ये मिळेल असं नाही.

एक गंमत लक्षात घ्या. सूर्य मेमध्ये डोक्यावर असतो तसाच जुलैमध्येही असतो. मग मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास आणि जुलैत अंगावर पांघरूण, असं का? मधे ढग आले म्हणून. आपल्याकडचा उन्हाळा सूर्य उतरल्यामुळं संपत नाही, पाऊस आल्यामुळं संपतो. म्हणून पुस्तकातले वसंत-ग्रीष्म काही म्हणोत, आपल्या माणसाच्या तोंडी ऋतू तीनच आहेत, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. मला विचाराल तर आपल्या वावरासाठी तेच बरोबर आहेत.

पाऊस येतो कुठून

चुलीवर रिकामा तवा ठेवा आणि शेजारच्या चुलीवर पाण्यानं भरलेला गंज. आच सारखी. तवा दोन मिनिटांत हात लावू देत नाही, गंजातलं पाणी कोमटसुद्धा होत नाही. जमीन म्हणजे तवा, समुद्र म्हणजे गंज. एप्रिल-मेमध्ये देशाची जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि खाली हवेचा दाब कमी होतो. समुद्रावरची हवा त्या मानानं थंड आणि जड. ती जमिनीकडं धाव घेते आणि येताना पाण्याची वाफ घेऊन येते. हाच नैऋत्य मोसमी वारा, आपला पावसाळा. दर वर्षी हवेची दिशा अशी ठरल्या वेळी उलटावी, हे जगात फार थोड्या ठिकाणी होतं.

पाऊस केरळात १ जूनच्या सुमाराला पोचतो, विदर्भात साधारण जूनच्या मध्याला. अरबी समुद्रावरून आलेले ढग आधी सह्याद्रीला धडकतात. डोंगर चढताना हवा थंड होते आणि तिथंच बरसते. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. डोंगर उतरून आलं की माण-दहिवडीकडं तोच पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. आपला यवतमाळ जिल्हा या दोन्हींच्या मधला, साधारण ९०० ते १००० मिलिमीटर. आपण सह्याद्रीपासून लांब असूनही एवढा पाऊस मिळतो तो बंगालच्या उपसागरामुळं. बातम्यांत 'कमी दाबाचा पट्टा तयार झाला' असं सांगतात ना, तो बहुतेक वेळा तिकडून निघतो आणि ओडिशा-छत्तीसगडवरून विदर्भाकडं येतो. म्हणून ढग मुंबईकडून येत नसतील तरी निराश होऊ नका, पूर्वेकडं बघा.

आता जरा जगाकडं. जी आडवी रेघ आपल्या गावावरून जाते तीच पुढं पश्चिमेला आफ्रिकेत सहारा वाळवंटातून जाते, आणि पूर्वेला म्यानमारची राजधानी नेपिडो हिच्या जवळून. एकाच रेघेवर एकीकडं नुसती वाळू आणि एकीकडं भाताची शेतं. सूर्य सगळ्यांवर सारखाच तापतो. फरक पडतो तो समुद्र कुठल्या बाजूला आहे, वारा कुठून येतो आणि डोंगर कुठं आहेत यानं. आपल्या उत्तरेला हिमालय नसता तर मध्य आशियातली कोरडी थंड हवा सरळ आत आली असती.

नक्षत्रांचं काय, असं कुणीतरी विचारणारच. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही सूर्याच्या जागेची नावं आहेत. सूर्य प्रत्येक नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. मृग ७-८ जूनला लागतं म्हणजे मोसमी पाऊस जवळ आला, एवढं ते बरोबर सांगतं, कारण दोन्हींच्या मागं तोच सूर्य आहे. पण 'यंदा वाहन बेडूक आहे, पाऊस बक्कळ' हे मात्र सूर्य सांगत नाही. त्यावर कर्ज काढू नका.

कोणत्या वर्षी पाऊस दगा देईल याचा थोडा अंदाज फार लांबून येतो. प्रशांत महासागराचं पाणी काही वर्षी नेहमीपेक्षा जास्त तापतं, त्याला एल निनो म्हणतात. २००९, २०१५ आणि २०२३ ही अशी वर्षं होती आणि तिन्ही वर्षी देशात पाऊस कमी झाला. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पण १९९७ ला एल निनो जोरात असूनही देशात पाऊस ठीक झाला. तेव्हा बातमीत एल निनो ऐकलं की घाबरून वावर पडीक ठेवायचं कारण नाही. मात्र सगळं वावर एकाच पिकात घालू नये. तूर, ज्वारी, मूग असं काही सोबत ठेवावं, एवढी सावधगिरी बरी.

मिलिमीटर म्हणजे काय हो?

हा शब्द आपण रोज मोबाईलवर वाचतो, पण त्याचा अर्थ फार थोड्या जणींना कुणी सांगितला असेल. सोपा आहे. पडलेला पाऊस वाहून गेला नाही, मुरला नाही, वाफ झाला नाही, तर जमिनीवर जेवढा उंच साठेल तेवढे मिलिमीटर. २० मिलिमीटर पाऊस म्हणजे सगळीकडं दोन बोटांपेक्षाही कमी जाडीचा पाण्याचा थर.

आणि एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला तर बरोबर एक लिटर पाणी होतं. घरावर ३०० चौरस फूट टिनाचं छप्पर असेल तर ते साधारण २८ चौरस मीटर. २० मिलिमीटरची एक सर आली की त्यावरून ५६० लिटर पाणी उतरतं. पाचशे लिटरची टाकी भरून वर उरतं. ९०० मिलिमीटरच्या पावसाळ्यात त्याच छपरावरून २५,००० लिटर. आणि एक एकर वावरावर? सुमारे ३६ लाख लिटर. दुष्काळ पडला असं आपण म्हणतो तेव्हासुद्धा वावरावर लाखो लिटर पाणी पडून गेलेलं असतं. ते गेलं कुठं, हा पुढचा प्रश्न.

आधी पेरणीचं पाहू. कृषी विभागाचा सल्ला दर वर्षी एकच असतो : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. हा आकडा कुठून आला? उन्हाळ्यात आपली काळी जमीन हातभर खोल भेगाळलेली असते. पहिल्या २५-३० मिलिमीटरच्या सरीचं पाणी भेगांत जातं, वरची तीन-चार बोटं माती ओली होते आणि मातीचा वास सुटतो. त्या वासानं माणूस फसतो. बी तेवढ्या ओलीवर उगवतं, मूळ खाली जातं आणि खाली त्याला कोरडी माती लागते. पुढं आठ दिवस ऊन पडलं की रोप वाळलं. ७५ ते १०० मिलिमीटर झाला तर ओल वीतभर किंवा त्याहून खाली गेलेली असते आणि मधे खंड पडला तरी रोप काही दिवस तग धरतं.

तपासायचं कसं? वावरात चार ठिकाणी वीतभर खोल उकरा. खालची माती हातात घेऊन लाडू वळा. वळला आणि फुटला नाही तर ओल आहे. भुगा झाला तर थांबा. शेजारच्यानं पेरलं म्हणून आपण पेरायचं नाही, कारण त्याच्या वावरात पडलेला पाऊस आपल्या वावरात पडलाच असेल असं नाही. आपल्याकडच्या सरी कधीकधी नाल्याच्या एका काठाला पडतात आणि दुसऱ्याला नाही.

म्हणून प्रत्येक गटानं आपलं स्वतःचं पर्जन्यमापक ठेवावं. महाग काही नाही. तळ सपाट आणि कडा सरळ उभ्या असलेला कुठलाही डबा चालतो. वर रुंद-खाली निमुळता असलेला ग्लास चालत नाही, त्यात माप चुकतं. डबा मोठा की लहान यानं फरक पडत नाही. मोठ्या डब्यात पाणी जास्त पडतं, पण ते पसरतंही जास्त, उंची तेवढीच राहते. झाडाखाली, छपराच्या वळचणीला ठेवू नका. उघड्या जागी, स्टुलाएवढ्या उंचीवर, वारा पाडणार नाही असा पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला लेकराच्या कंपासपेटीतली पट्टी आत उभी धरा, मिलिमीटर वाचा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. साडेआठच का? हवामान खातंही त्याच वेळी मोजतं, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघता येतात.

हे आकडे नुसते हौसेचे नाहीत. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की शासन त्याला अतिवृष्टी धरतं. मंडळासाठी स्वयंचलित हवामान केंद्र असतं आणि त्याचाच आकडा ग्राह्य असतो, तुमच्या डब्याचा नाही. पण मंडळाच्या केंद्रावर ५० मोजला आणि तुमच्या चार गटांच्या चार डब्यांत ८०-९० आला, तर तलाठी आणि कृषी सहायकांकडं जाऊन पंचनामा मागताना तुमच्या हातात रोजची तारीखवार वही असेल. 'लय पाऊस झाला साहेब' असं म्हणणं वेगळं आणि वही पुढं ठेवणं वेगळं.

काळी, पांढरी आणि खालचा खडक

आपल्या पायाखालचा काळा दगड एकेकाळी वितळलेला होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. एकावर एक थर बसले, पोळ्यांची थप्पी असते तसे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग या थप्पीवर बसलेला आहे. दगडाचं नाव बेसाल्ट. तो ऊन-पावसानं लाखो वर्षं झिजला आणि त्याची झाली आपली काळी माती. (जिल्हा सगळा असा नाही. वणी-झरीकडं खाली कोळसा आणि चुनखडी आहे, म्हणून तिकडं खाणी आहेत आणि इकडं नाहीत.)

काळ्या मातीचा स्वभाव तुम्हांला ठाऊक आहे. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. पाणी धरून ठेवते, म्हणून पाऊस उघडल्यावरही तिच्यात तूर आणि पऱ्हाटी उभी राहते. पण तिच्यावर बांधलेल्या घराच्या भिंतींना तडे जातात आणि पावसाळ्यात दारं अडकतात. आपल्या जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. ते वावराला 'काळी' म्हणत आणि गाव वसवायच्या जागेला 'पांढरी'. पीक काळीत, घर पांढरीवर. हल्ली गावाबाहेर काळ्या वावरात प्लॉट पाडून घरं बांधतात. तिथं घरकुल बांधणार असाल तर गवंड्याला पाया किती खोल, खाली मुरूम लागला का, हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

टेकडीच्या माथ्यावर मात्र माती टिकत नाही, तिथं बरड. मुरमाड, उथळ. खाली नाल्याजवळ भारी काळी. एकाच गावात दोन जमिनी. माथ्याच्या जमिनीत पाऊस उघडल्यावर पाच-सहा दिवसांत पीक कोमेजतं, तिथं लवकर येणारं पीक घ्यावं. भारी जमिनीत उलट, पाणी साचून मूळ सडतं, तिथं सरी काढाव्या लागतात. गटात बियाणं एकत्र घेताना सगळ्यांना एकच वाण का घेतो आपण? स्वस्त पडतं म्हणून. पण जमिनी वेगळ्या आहेत, हे कर्ज मंजूर करताना बोललं गेलं पाहिजे.

आता विहीर आणि बोअर. इथं पैसा जास्त बुडतो, म्हणून जरा थांबून वाचा. वाळूत पाणी सगळीकडं सारखं पसरलेलं असतं. बेसाल्टमध्ये तसं नसतं. घट्ट काळा पाषाण पाणी घेतच नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात, बारीक भोकांच्या मांजऱ्या खडकात, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत. म्हणून एका वावरात ८० फुटांवर पाणी लागतं आणि पन्नास पावलांवर ३०० फूट गेलं तरी नुसती धूळ उडते. खोल गेलं की पाणी लागेलच, हे आपल्या खडकात खरं नाही. बऱ्याचदा चांगलं पाणी वरच्या थरांतच असतं आणि तिथं नाही तर खाली जाऊन मिळण्याची आशा कमी होत जाते. बोअरवाला मात्र फुटावर पैसे घेतो, तो थांबा म्हणणार नाही.

हातात नारळ किंवा लिंबाची काडी घेऊन पाणी दाखवणारे पाणाडे आहेतच. त्यांच्याशी वाद घालायचा नसेल तर घालू नका, फक्त एक विचारा : आजवर किती दाखवले आणि किती कोरडे गेले? आणि बोअरसाठी गटातून कर्ज मागायला कुणी आली तर बैठकीनं तिला आडवं न येता चार गोष्टी विचाराव्यात. आजूबाजूच्या किती बोअरना पाणी लागलं, किती फुटांवर, किती कोरड्या गेल्या, आणि उन्हाळ्यात मेमध्ये त्यांत किती उरतं? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. ती माहिती मागितली तर मिळते. आपल्यातलं कुणी मागत नाही, ही खरी अडचण.

विहिरीचं पाणी वाढवायचं तर पावसाचं पाणी त्या मुरमात शिरलं पाहिजे. धुरे नीट असतील, पेरणी उताराला आडवी असेल, टेकडीवर चर असतील तर एकराच्या त्या ३६ लाख लिटरमधलं थोडं का होईना खाली जातं. उताराच्या दिशेनं तास काढले तर प्रत्येक तास एक छोटा नाला होतो. पाणी जातं आणि सोबत काळी मातीही जाते, जी परत यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

ते पाणी जातं तरी कुठं

सारवलेल्या अंगणात रांगोळीनं काढून पाहा. आपल्या शिवारातले नाले पैनगंगेकडं जातात. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. वाशिम-हिंगोलीकडून येत इसापूरच्या धरणात थांबते आणि मग यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांची हद्द होऊन पूर्वेला वाहते. वाशिमकडून पुसदमार्गे आलेली पूस नदी हिवरा संगमजवळ तिला मिळते, गावाच्या नावातच संगम आहे. माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जाताना आपण हीच नदी ओलांडतो. उमरखेडच्या खाली सहस्रकुंडाला ती काळ्या खडकावरून कोसळते, तिथं अलीकडं विदर्भ, पलीकडं मराठवाडा. १९४८ पर्यंत पलीकडच्या काठावर निजामाचं हैदराबाद राज्य होतं. एका नदीच्या दोन काठांवर बोली, कागदपत्रं आणि कायदे वेगळे का, हे त्यातून कळतं. लेकी मात्र तेव्हाही या काठावरून त्या काठावर दिल्या जात असणार.

पुढं पैनगंगा चंद्रपूरकडं वर्धा नदीला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागरात. सरळ रेषेत पाहिलं तर आपल्याला दोन्ही समुद्र पाचशे किलोमीटरच्या पुढंच आहेत. तरी पाणी पूर्वेला जातं, कारण सह्याद्रीकडून सगळं पठार पूर्वेकडं कललेलं आहे. पण अजिंठ्याच्या त्याच डोंगररांगेच्या उत्तरेला पडलेलं पाणी पूर्णेला मिळतं, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. कुठल्या उतारावर थेंब पडला एवढ्यानं त्याचा समुद्र बदलतो.

यातली कामाची गोष्ट ही : आपल्या गावात पाऊस नसला तरी नदी वाढू शकते. बुलढाणा-वाशिमकडं जोर झाला, इसापूर भरलं आणि दारं उघडली की खालच्या गावांत पाणी चढतं. डोक्यावर ऊन, समोर नदी शांत, म्हणून धुणं घेऊन किंवा ढोरं घेऊन मधल्या खडकांपर्यंत जाणं धोक्याचं. ग्रामपंचायतीला सोडण्याचा इशारा येतो. तो नदीकाठच्या गटांच्या फोनवर पोचतो का, हे ग्रामसंघानं एकदा विचारून घ्यावं.

जंगलाबद्दल थोडक्यात. पैनगंगेच्या काठचं जंगल सागाचं, पळसाचं, मोहाचं, तेंदूचं. उन्हाळ्यात ते उघडं पडतं म्हणून वाळलं असं समजू नका. पानांतून पाणी उडू नये म्हणून झाड पानं टाकतं, जसं आपण उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून घेतो. पाऊस वर्षातल्या चारच महिन्यांत पडतो अशा प्रदेशातल्या झाडांची ही रीत आहे. मोहफूल वेचायला खाली आग लावली की तोच पालापाचोळा जळतो जो पहिल्या पावसाचं पाणी अडवणार होता.

पुढच्या बैठकीपर्यंत

प्रत्येक गटानं एक डबा आणि एक वही ठरवावी आणि मोजणारी एक बाई नेमावी, तिच्या गैरहजेरीत दुसरी. शाळेत जाणारी लेक असेल तर तिला सोबत घ्या, तिचा भूगोल पक्का होईल. वहीत तीन रकाने पुरेत : तारीख, मिलिमीटर, आजपर्यंतची बेरीज. बेरीज ७५ ला पोचेपर्यंत बियाण्याच्या बॅगेची शिवण उसवू नये, असा ठराव ज्या गटांना करायचा असेल त्यांनी कार्यवृत्तात लिहून ठेवावा. मुसळाच्या सावलीचा प्रयोग मेमध्ये हुकला तर जुलैत करा. ढग असतील तर दुसऱ्या दिवशी बघा, एक-दोन दिवसांच्या फरकानं सावली फारशी सरकत नाही. चारही बाजूंच्या गटांचे पावसाचे आकडे जून अखेरीस ग्रामसंघाच्या बैठकीत एका कागदावर मांडू. कुठल्या शिवारात किती पडला हे पहिल्यांदाच आपल्या हातानं मोजलेलं असेल, आणि खताच्या दुसऱ्या हप्त्याचं कर्ज त्या कागदाकडं बघून ठरवता येईल.